कृतीतून सावरणारा मेंदू

डोक्यास जबर मार लागून आठ-पंधरा दिवस बेशुद्धावस्थेत काढलेला मनुष्य जेव्हा डोळे उघडतो, आप्तांना नावाने हाक मारतो आणि पुढे महिन्या-दीड महिन्याने आपल्या पायांनी इस्पितळाची पायरी उतरतो, तेव्हा घरच्या मंडळींची सहजच अशी समजूत होते की, गंडांतर टळले, आता अशक्तपणा तेवढा भरून निघावयाचा राहिला. आणि त्यांची तरी काय चूक? जखम मिळून आलेली असते, टाके निघालेले असतात, घरी सोडतेवेळी दिलेल्या कागदावर ‘प्रकृती स्थिर’ असा शेरा पडलेला असतो. परंतु नंतरच्या दोन-चार आठवड्यांत अशा काही गोष्टी घडू लागतात की, ज्यांचा त्या कागदात मागमूसही नसतो. गृहस्थ आंघोळीस जातात आणि बादली भरून घेऊन, तिच्याकडे पाहत, अर्धा-अर्धा तास मोरीत बसून राहतात. सदऱ्याच्या बाहीत डोके घालू पाहतात. वाण्याच्या उधारीचा हिशेब तोंडी बिनचूक सांगतात, पण पैसे देण्यासाठी दहादा सांगूनही जागचे उठत नाहीत. आणि ज्यांचा आवाज जन्मात कधी चढला नाही असे ते, चहा जरा उशिरा आला म्हणून सुनेसमोर कप आपटतात. मग कोणी म्हणते आळस भरला, कोणी म्हणते हट्टीपणा वाढला, कोणी दृष्ट काढण्याची तजवीज करते. मेंदूच्या दुखापतीचे खरे स्वरूप इस्पितळाच्या खाटेवर क्वचितच उघडकीस येते. ते मोरीत, स्वयंपाकघरात आणि कचेरीच्या टेबलाशी उघडकीस येते.

या टप्प्यावर ज्या शास्त्राची गाठ घ्यावी लागते ते व्यवसायोपचाराचे शास्त्र होय. शल्यविशारद मेंदूवर साकळलेले रक्त काढून टाकतो, भौतिकोपचार करणारा सांध्यांची हालचाल व स्नायूंचे बळ परत मिळवून देतो, वाचोपचार करणारा वाणीची चिंता वाहतो. व्यवसायोपचारतज्ज्ञाचा प्रश्न मात्र असा असतो की, हे सर्व यथासांग पार पडल्यावर या माणसाचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत जाणार कसा? दात घासणे, धोतर किंवा लुंगी नेसणे, घास तोंडाशी नेणे, औषध वेळेवर घेणे, बसमध्ये चढून उतरण्याच्या थांब्यावरच उतरणे, पोटासाठी करावयाचा उद्योग, आणि संध्याकाळी पत्त्यांचा डाव मांडणे, या साऱ्यांची तो सारख्याच गांभीर्याने दखल घेतो. त्याची आणखी एक धारणा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा रोख तिच्यावरच आहे. कृती म्हणजे उपचार पुरा झाल्यावर मिळणारे फळ, असे तो मानीत नाही. कृती हेच त्याचे औषध असते. शिवाय कोणतीही कृती औषधी ठरते असेही नाही. ती त्या माणसाची असावी लागते, आणि तिच्या शेवटी त्याला हवेसे काही तरी असावे लागते.

या विद्येचा औपचारिक आरंभ मार्च १९१७ मध्ये, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज नावाच्या छोट्या गावी झाला असे मानतात. तेथे जॉर्ज बार्टन नावाच्या वास्तुशिल्पज्ञाच्या घरी पाच-सहा मंडळी जमली आणि त्यांनी व्यवसायोपचाराचा प्रसार करणारी संस्था स्थापन केली. बार्टन स्वतः रोगी होता. क्षयाने जर्जर झालेला, पायाची बोटे कापावी लागलेला, डावे अंग लुळे पडलेला हा गृहस्थ बागकाम आणि सुतारकाम करता करता उभा राहिला होता, आणि आपल्याला जे लाभले ते इतरांस का लाभू नये, हा त्याचा साधा सवाल होता. परंतु मेंदूच्या दुखापतीच्या बाबतीत या विचाराची खरी कसोटी महायुद्धांनी पाहिली. पहिल्या महायुद्धात कुर्ट गोल्डश्टाइन या जर्मन डॉक्टराने फ्रँकफर्ट येथे मेंदूस इजा झालेल्या सैनिकांसाठी खास संस्था काढली. तिच्यात प्रयोगशाळेच्या जोडीला कामाच्या शाळाही होत्या, कारण प्रयोगशाळेत उत्तीर्ण होणारा सैनिक हातात हत्यार दिल्यावर गोंधळतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने आपल्या मानसशास्त्रज्ञांना उरल पर्वताच्या आश्रयास वसविलेल्या इस्पितळांत धाडले, आणि त्यांतील एकात अलेक्सांद्र लूरिया या मानसशास्त्रज्ञाची एका तरुण रुग्णाशी गाठ पडली. या रुग्णाची कैफियत लूरियाने पुढे एका छोट्याशा ग्रंथात जगापुढे ठेवली, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

ज़ासेत्स्की हे त्या तरुणाचे नाव. यंत्रविद्येचा विद्यार्थी, वय २३, लष्करात कनिष्ठ अधिकारी. २ मार्च १९४३ रोजी, स्मोलेन्स्कच्या आघाडीवर, त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूस मागल्या अंगाला गोळी लागली. प्राण वाचले, परंतु मेंदूचा जो भाग डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले आणि हाताने चाचपलेले एकत्र जुळवून त्याचा अर्थ लावतो, त्या भागाची वाताहत झाली. जगाची उजवी बाजू त्याला दिसेनाशी झाली. आपला हात कोठे संपतो, पाय कोठे सुरू होतो, याचा त्याला पत्ता लागेना. परिचारिकेला जवळ बोलवावयाचे असते तेव्हा हात कसा हालवावा, एवढेदेखील तो विसरला होता. लिहिणे-वाचणे तर समूळ गेले होते. ज्याने कॉलेजात यंत्रशास्त्राचे ग्रंथ वाचले त्याला पहिल्या अक्षरापासून मुळाक्षरे गिरवावी लागली.

इस्पितळात शिवणाचा एक वर्ग होता. शिक्षकाने ज़ासेत्स्कीच्या हाती सुई, दोरा आणि नक्षी काढलेले कापड दिले आणि नक्षीवरून टाके घाल असे सांगून तो दुसऱ्यांकडे वळला. परतून पाहतो तो हा तसाच बसलेला. सुई एका हातात, दोरा दुसऱ्या हातात; दोहोंचा परस्परांशी संबंध काय, हेच त्याला उमगत नव्हते. पुढे चांभारकामाच्या वर्गात त्याला घातले. तेथे फळीत लाकडी खिळे ठोकावे आणि उपटावे, यापलीकडे मजल गेली नाही. येथवर वाचून कोणी म्हणेल की, कृतीच्या उपचाराचा महिमा तो हाच काय? पण आमच्या मते या अपयशाची नोंद यशाइतकीच मोलाची आहे. सुईकाम आणि चांभारकाम ही त्याची कामे नव्हती. त्याला जोडे शिवून कोठे पोचावयाचे नव्हते, आणि ज्या अवयवज्ञानाचा त्याच्या ठायी विध्वंस झाला होता नेमक्या त्यावरच ही कामे आधारलेली होती.

लेखनाची गोष्ट निराळी झाली. अक्षर आठवावे, त्याचा आकार आठवावा, मग पेन्सिल हालवावी, अशा रीतीने तो कित्येक महिने झगडत होता आणि एकेका अक्षरापाशी अडत होता. एके दिवशी डॉक्टराने त्याला सांगितले की, अक्षरांचा विचारच करू नकोस. शब्द मनात घोळव आणि हात न उचलता एका दमात लिहून टाक. त्याने ‘रक्त’ या अर्थाचा रशियन शब्द दोन-चारदा पुटपुटला, पेन्सिल धरली, आणि शब्द कागदावर उतरला! शाळेत हजारो वेळा गिरवून हाताच्या अंगवळणी पडलेली जी गती, तिचा ठेवा मेंदूच्या निराळ्या, शाबूत भागात होता. अक्षर डोळ्यांपुढे आणण्याच्या खटाटोपात तो ठेवा आजवर वापरला जातच नव्हता. गंमत अशी की, जे लिहिले ते त्याला वाचता येईना. तरीही त्याने लिहावयास घेतले ते आपल्या जखमेचे वृत्त, आणि सुमारे पंचवीस वर्षे, कधी दिवसाकाठी चार ओळी तर कधी पानभर असे करीत, त्याने जवळजवळ तीन हजार पृष्ठे लिहून काढली. मेंदू बरा झाला नाही. शेवटपर्यंत झाला नाही. पण सकाळी उठून टेबलाशी बसण्यास त्याला कारण होते. लूरियाचे शास्त्रीय म्हणणे असे की, मेंदूचे कोणतेही मोठे कार्य एकाच कोपऱ्यात वस्तीला नसते. ते अनेक विभागांच्या सहकार्याने पार पडते, आणि म्हणून एक विभाग निकामी झाला तर तेच कार्य दुसऱ्या विभागांच्या हवाली करता येते. एकच अट आहे, त्या कार्याची रचना नव्याने बांधावी लागते.

त्याच सुमारास लूरियाचे सहकारी लिओन्त्येव आणि झापोरोझेत्स हे हाताला जखमा झालेल्या सैनिकांवर प्रयोग करीत होते. हे रुग्ण मेंदूचे नव्हेत, परंतु प्रयोगाचा निष्कर्ष आपल्या विषयास लागू पडतो. सैनिकाला प्रथम डोळे मिटून हात होईल तितका वर उचलण्यास सांगत. मग डोळे उघडे ठेवून. मग समोरच्या पडद्यावरील अमुक खुणेपर्यंत. आणि शेवटी वर ठेवलेली वस्तू घेण्यास सांगत. स्नायू तेच, सांधा तोच, वेदना तीच. पण हुकूम जसजसा हेतुयुक्त होत गेला तसतसा हात अधिकाधिक वर जाऊ लागला. १९९३ साली अमेरिकेत मेंदूस इजा झालेल्या प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासातही असेच आढळले. नुसता ‘हात पुढे करा’ म्हटल्यावर जो हात थोडासा सरे, तोच दिव्यांची उघडझाप होणाऱ्या एका खेळण्याच्या कळा दाबावयाच्या असल्या म्हणजे बराच पुढे जाई. आमच्याकडच्या आज्यांनी रांगत्या पोरापुढे खुळखुळा धरताना हे शास्त्र कधी शिकून घेतले, हा संशोधनाचा निराळा विषय होईल.

यामागे मेंदूत काय घडते? मेंदूच्या पृष्ठभागावर हातापायांच्या हालचालींचे जणू नकाशे असतात, आणि ते कायमचे मोजून दिलेले नसून वापराप्रमाणे त्यांच्या सीमा सरकतात, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. अमेरिकेतील रँडॉल्फ न्यूडो यांनी १९९६ साली माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दाखविले की, मेंदूतील हाताच्या नकाशाचा लहानसा तुकडा नष्ट झाल्यावर माकडास तसेच सोडले तर उरलेला नकाशाही आक्रसत जातो; पण अरुंद खळग्यातून खाद्याची गोळी काढावयास लावले तर तो शाबूत राहतो, क्वचित पसरतो. पुढील प्रयोग याहून बोलका आहे. खळगा रुंद केला आणि गोळी सहज हाती येऊ लागली, तर माकडाने तीच हालचाल असंख्य वेळा करूनही नकाशात फरक पडेना. नुसती पुनरावृत्ती मेंदूला पुरत नाही. तिच्यात थोडी अडचण, थोडे नवे शिकणे असावे लागते. रबरी चेंडू दाबीत तासन् तास टीव्हीसमोर बसलेल्या रुग्णास हा प्रयोग कोणी तरी समजावून सांगावयास हवा.

आता एका व्यवसायोपचार विभागात डोकावून पाहू. चांगल्या विभागात एका कोपऱ्यास ओटा, शेगडी, कपाटात डबे, पातेली, गाळणे अशी स्वयंपाकघराची मांडणी असते. मोटारसायकलच्या अपघातात ज्यांच्या मेंदूचा पुढील, म्हणजे ललाटाकडील भाग दुखावला आहे असे एक काका तेथे उभे आहेत. बुद्धीच्या चाचण्यांत ते उत्तम गुण मिळवितात. चहा कसा करतात, असे विचारल्यावर ते आधण, आले, साखर, पूड, दूध असा सारा क्रम न अडखळता सांगतात. ‘काका, मग आता दोन कप चहा करा पाहू,’ असे तज्ज्ञ म्हणते, आणि घड्याळ पाहून मागे सरून उभी राहते. काका पातेले काढतात, पाणी ओततात, साखर घालतात, डबा जागेवर ठेवताना शेजारचा मिठाचा डबा दिसतो, तो उघडून पाहतात, परतून पुन्हा साखर घालतात, आणि शेगडी न पेटवताच पाणी उकळण्याची वाट पाहत उभे राहतात. तज्ज्ञ लगेच मदतीस धावत नाही. प्रथम ती थांबते, कारण काही रुग्णांना आपली चूक उशिरा का होईना स्वतःच कळते. मग नुसतेच विचारते, ‘आता पुढे काय?’ तेवढ्याने भागले नाही तर शेगडीकडे बोट दाखविते. तेही पुरले नाही तर ‘शेगडी पेटवा’ असे स्पष्ट सांगते. आणि अगदी शेवटी हाताला हात लावते. कोणत्या पायरीवर काम पुढे सरकले, याचीच ती नोंद करते. पुढल्या आठवड्यात याच काकांना बोट दाखवावे लागले नाही, नुसता प्रश्न पुरला, तर ती प्रगती होय, मग चहा कितीही गोड झालेला असो.

ललाटखंडाच्या दुखापतीत असे का व्हावे? एखाद्या कचेरीत सर्व कारकून हजर आहेत, दप्तर शाबूत आहे, शाई-टाक जागच्या जागी आहेत, परंतु कोणता कागद आधी हाती घ्यावा आणि कोणता मागे ठेवावा हे ठरविणारा शिरस्तेदार तेवढा रजेवर आहे, अशी या मेंदूची अवस्था असते. परीक्षेच्या खोलीत परीक्षकच शिरस्तेदाराचे काम करीत असतो. प्रश्न तो मांडतो, वेळ तो राखतो, आरंभ आणि शेवट तो सांगतो. म्हणून तेथे व्यंग दिसत नाही. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या लंडनच्या दोघा संशोधकांनी १९९१ मध्ये अशा तीन रुग्णांना परीक्षेच्या खोलीतून उठवून सरळ बाजाराच्या रस्त्यावर नेले. पाव आणणे, एक पौंड टोमॅटोचा भाव विचारून येणे, आदल्या दिवशी देशातील सर्वांत थंड ठिकाण कोणते होते ते शोधणे, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर होणे, अशी किरकोळ कामे आणि काही साधे नियम. बुद्धिमापनात सामान्यांहून वरचढ असलेले हे लोक त्या रस्त्यावर पार गोंधळून गेले. घरच्या लोकांना जे महिनोन् महिने दिसत होते आणि डॉक्टरांना पटवून देता येत नव्हते, त्याला अशा रीतीने शास्त्राचा दाखला मिळाला. १९६५ पासून प्रचारात असलेल्या बार्थेलच्या गुणपद्धतीतही हीच मेख आहे. जेवण, स्नान, शौच, चालणे, जिना अशा दहा बाबींत मिळून शंभर गुण मिळविणारा रुग्ण एकटा राहू शकेलच असे नाही, हे तिच्या कर्त्यांनीच बजावून ठेवले आहे. ते न वाचता शंभर गुणांवर समाधान मानणारे अनेक आहेत.

उजव्या गोलार्धाच्या, विशेषतः त्याच्या पार्श्वखंडाच्या, दुखापतीने निपजणारी एक विचित्र स्थिती आपल्या जेवणाच्या ताटात जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच कोठे दिसत असेल. मराठी घरातील वाढप ठराविक असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. असा रुग्ण भाजी संपवितो, आमटी ओरपतो आणि तक्रार करतो की, आज चटणी का वाढली नाही? चटणी समोर असते. डोळा ती पाहू शकतो. पण जगाला डावी बाजू असते, याचीच मेंदूस विस्मृती झालेली असते. हे गृहस्थ अर्धीच दाढी करतात, वर्तमानपत्राच्या ओळी मध्यापासून वाचतात आणि बातमीत अर्थ नाही म्हणून संपादकावर रुष्ट होतात. ताट फिरवून दिले म्हणजे त्या दिवसापुरते भागते, पण रोग तेथेच राहतो. तज्ज्ञ ताटाच्या डाव्या कडेस, पानाच्या डाव्या समासात ठळक तांबडी पट्टी लावते आणि अट घालते की, तांबडे दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यावयाची, मगच घास घ्यावयाचा किंवा ओळ वाचावयाची. काही आठवड्यांनी पट्टी फिकी करीत नेतात. घरच्यांनीही खाटेच्या डाव्या अंगाने येऊन बोलावे, असे ती सुचविते. पण आरंभीच्या दिवसांत रुग्ण दचकतो, म्हणून आधी आवाज द्यावा लागतो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास शिकविण्याची रीत आपल्या शाळामास्तरांच्या समजुतीस धक्का देणारी आहे. ‘चुकत चुकतच माणूस शिकतो’ हे आपण परंपरेने मानत आलो. पण चूक झाली होती, हे लक्षात राहण्यासाठीच स्मरण लागते. ते ज्याचे गेले त्याच्या हाताला चुकीची कृतीच तेवढी वळण लावून जाते, आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा अधिक सफाईने घडते. इंग्लंडमधील ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखविले की, अशांना अंदाज करू न देता, पहिल्यापासून बिनचूक कृतीच करवून घेतली तर ते अधिक चांगले शिकतात. म्हणूनच गोळ्यांचा डबा उघडण्यास शिकविताना तज्ज्ञ ‘सकाळचा कप्पा कोणता, ओळखा बरे’ असे विचारीत नाही. ती बोट धरून सकाळच्या कप्प्यावर ठेवते, आणि उद्याही तेच करते. वर सांगितलेल्या काकांना जी रीत लागू, तिच्या नेमकी उलट ही रीत आहे. दुखापत मेंदूच्या कोणत्या भागास झाली, यावर शिकवण्याची पद्धत अवलंबून असते, आणि शेजारच्या घरच्या रुग्णास लागू पडलेला उपाय आपल्याकडे चालेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

हातच लुळा पडला असेल तर दोन मार्ग असतात. एक, त्याला पुन्हा कामास लावणे. एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाचे प्रतिपादन असे की, आरंभी हात खरोखरच हालत नाही म्हणून रुग्ण तो वापरणे सोडतो, आणि पुढे थोडे बळ आले तरी सोडण्याची सवय कायम राहते. त्यावर त्याने चांगल्या हातात जाड मोजा घालून त्यालाच अटकेत ठेवण्याची योजना काढली. दोन आठवडे, जागेपणाचा बहुतेक वेळ, दुबळ्या हातानेच सर्व व्यवहार. पक्षाघात झालेल्या २२२ रुग्णांवरील चाचणीचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि उपाय गुणकारी ठरला. पण मनगट व बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच तो लागू पडतो. दुसरा मार्ग तडजोडीचा. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी बाहेर. कांदा चिरावयाच्या पाटास दोन खिळे ठोकून त्यांवर कांदा रोवणे. ताटाखाली ओले फडके ठेवणे म्हणजे ते सरकत नाही. चमच्याच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड करणे. या युक्त्या मामुली वाटतात. परंतु उजवा हात गेलेला माणूस डाव्या हाताने जेवावयास शिकला, तरी तो पंगतीस बसत नाही, लग्नाची आमंत्रणे टाळू लागतो, ही अडचण परदेशी पाठ्यपुस्तकात सापडावयाची नाही. येथे तज्ज्ञाला घरातील वडीलधाऱ्यांशीच बोलावे लागते.

वडीलधाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या एकत्र कुटुंबाची सेवावृत्ती ही अशा रुग्णाची फार मोठी पुंजी आहे, आणि तीच त्याच्या वाटेतील मोठी धोंडही होते. आई घास भरविते, बायको बटणे लावते, मुलगा सही करतो. सर्व काही प्रेमापोटी, आणि थोडेसे घाईपोटीही, कारण त्याने स्वतः बटणे लावावयाची म्हटले तर वीस मिनिटे मोडतात. वीस मिनिटे मोडू द्यावीत. परावलंबनाचा शिरस्ता एकदा पडला म्हणजे तो मोडणे दुखापतीइतकेच कठीण जाते.

नियमित कामाने काय साधते, याचे एक जुने उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, जरी ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात रेल्वेसाठी सुरुंग भरताना फिनियस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार कपाळाच्या वरून आरपार निघाली. तो वाचला, पण स्वभाव इतका पालटला की त्याला जुन्या जागी कामावर घेईनात. येथवरची कथा सर्वांस ठाऊक असते. तो पुढे चिली देशात जाऊन कित्येक वर्षे घोड्यांच्या टपालगाड्या हाकीत होता, ही उत्तरकथा फारसे कोणी सांगत नाही. रोज ठराविक वेळी उठणे, घोड्यांचा दाणापाणी, उतारूंशी बोलणे, सहा-सहा घोड्यांचे लगाम सांभाळीत अवघड रस्ता काटणे, अशा बाहेरून आखून दिलेल्या दिनक्रमाने त्याचे बिघडलेले वर्तन पुष्कळसे सुधारले असावे, असे त्याचा चरित्रकार माल्कम मॅकमिलन याचे मत आहे. मत पुराव्याने सिद्ध करणे आता शक्य नाही. पण व्यवसायोपचार करणाऱ्यांना त्यात नवल वाटणार नाही.

ही विद्या आपल्याकडे आली तिच्या मागे एक बाई होती. एलिझाबेथ लंडी या क्वेकर पंथीय अमेरिकन तरुणीने विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला, ती १९३०च्या सुमारास मुंबईस आली आणि कमला निंबकर झाली. पुढे अमेरिकेत जाऊन तिने फिलाडेल्फियाच्या शाळेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले, आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली शाळा म्हणून ओळखली जाते. त्यानंतर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही असे शिक्षण सुरू झाले. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारताचे नाव होते, हे बव्हंशी कमलाबाईंच्या खटपटीचे फळ. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ शाळेमुळे त्यांचे नाव अनेकांच्या कानी असेल. पण या पहिल्या कामगिरीची जाण फार थोड्यांना आहे. आज मुंबईत के.ई.एम., नायर, शीव येथील पालिकेची रुग्णालये, हाजी अलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था आणि नागपूरचे शासकीय महाविद्यालय येथे हे विभाग चालतात. तालुक्याच्या गावी मात्र अपघाताचा रुग्ण जखम भरल्यावर सरळ घरी जातो, आणि अशा विभागाकडे पाठविण्याची चिठ्ठीदेखील त्यास मिळत नाही.

चिठ्ठी मिळाली, किंवा मागून घेतली, तर तपासण्यांच्या फितींबरोबर आणखी एक टिपण घेऊन जावे. अपघातापूर्वी हा मनुष्य किती वाजता उठे, खाटेच्या कोणत्या बाजूने उतरे, संडास खाली बसण्याचा की खुर्चीचा, ओटा केवढा उंच, पैशांचा व्यवहार कोणाकडे, कचेरीत टेबलावर नेमके कोणते काम होते, तबला वाजवी की कोडी सोडवी की नुसताच पारावर बसे, हे सर्व त्यात तपशीलवार असावे. टिपण बायकोने किंवा भावाने लिहिलेले असले तरी चालते. ते रुग्णासमोर मोठ्याने वाचावे, कारण त्यातील एखादी बाब हटकून त्याला नामंजूर असते. तबला नको, पण संध्याकाळी दुकानाचे कुलूप मीच लावीन, असे काही तरी तो म्हणतो, आणि तज्ज्ञ टिपण बाजूस सारून कुलूप-किल्ली मागविते.